डेलावेअर: अख्ख्या राज्याला एकच खासदार. वजन की वांधा?

मुगडाळ

दोन वर्षांपूर्वी एडिसनहून इकडे मिडलटाउनला, म्हणजे डेलावेअरला, राहायला आलो. न्यू जर्सीत आमचा मतदारसंघ सहावा होता, राज्यात असे बारा. २०२४ च्या नोव्हेंबरात इथे पहिल्यांदा मत द्यायला गेले, तर प्रतिनिधीगृहाच्या जागेपुढे मतदारसंघाचा नंबरच नाही. मला वाटलं छापायचं राहिलं.

रात्री बाबांचा साताऱ्याहून फोन.
"तुमचा मतदारसंघ कुठला?"
"डेलावेअर."
"अगं, राज्य नाही विचारलं."
"बाबा, तेच. पूर्ण राज्याला एकच खासदार आहे."
बराच वेळ शांतता. मग, "आणि सिनेटर किती?"
"दोन."
"म्हणजे मोठ्या घरात दोन आणि धाकट्या घरात एक? उलटं नाही का झालं?"

मला उत्तर देता आलं नाही. लोकसंख्येने आम्ही सातारा जिल्ह्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढे आहोत, तेव्हा एक खासदार हे ठीकच. पण हे असं कधीपासून आहे? आणि अख्खं राज्य एकाच माणसाच्या पदरात टाकण्यात आपला फायदा की तोटा? जाणकारांनी लिहावं. 'गूगल कर' म्हणणाऱ्यांना आधीच नमस्कार.

खारीबिस्किट

डेलावेअर म्हणजे तेच ना, जिथे सेल्स टॅक्स नाही म्हणून आम्ही पेनसिल्व्हेनियावाले लॅपटॉप घ्यायला येतो? तिथे माणसंही राहतात?

सस्क्वेहाना

राहतात हो, आणि शनिवारी क्रिस्टियाना मॉलच्या पार्किंगमध्ये तुमच्यामुळे फिरत बसतात.

मुगडाळताई, विल्मिंग्टनला बावीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे लांबण लावतो. चहा घेऊन बसा.

सुरुवातीपासून असंच आहे, मधली दहा वर्षं सोडली तर. १७८९ साली पहिल्या काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, डेलावेअरला एक जागा होती आणि जॉन व्हायनिंग निवडून आला. त्या वेळचा नियम मजेशीर आहे. जागा एक, पण प्रत्येक मतदाराने दोन नावं द्यायची, आणि त्यातला निदान एक उमेदवार आपल्या काउंटीबाहेरचा हवा. काउंट्या तीनच: न्यू कॅसल, केंट, ससेक्स. म्हणजे लोक आपल्याच गाववाल्याला मत देणार हे कायदा करणाऱ्यांनी गृहीतच धरलं होतं. एक मत भावकीला, एक मत राज्याला. व्हायनिंग केंटचा, नकाशावर मधल्या काउंटीचा.

मग १७९० ची जनगणना झाली. गुलामाला तीनपंचमांश माणूस धरायचा तो घाणेरडा हिशोब करून डेलावेअरचा आकडा आला ५५,५४०. काँग्रेसने जागावाटपाचं जे विधेयक पास केलं त्यात डेलावेअरला दोन जागा दिल्या. पण घटनेत लिहिलंय की तीस हजारांमागे एकाहून जास्त प्रतिनिधी नको. ५५,५४० ला दोनने भागा: २७,७७०. अध्यक्ष वॉशिंग्टनने ५ एप्रिल १७९२ ला विधेयक परत पाठवलं. अमेरिकेच्या इतिहासातला हा पहिला व्हेटो. आठ राज्यांना अशी वाढीव जागा मिळणार होती, त्यात आपण सगळ्यात चिमुकले. ताटात आलेली दुसरी पोळी उचलून नेली.

ती पोळी शेवटी मिळाली १८१० च्या जनगणनेनंतर. १८१३ ते १८२३ डेलावेअरचे दोन प्रतिनिधी होते, आणि दोघेही अख्ख्या राज्यातून निवडून यायचे. राज्याचे दोन तुकडे केलेच नाहीत. पुढे १८२० ची जनगणना झाली. १८१० ला लोकसंख्या होती ७२,६७४. दहा वर्षांनी ७२,७४९.

गणित_कच्चं

थांबा. दहा वर्षांत ७५ माणसं वाढली?

सस्क्वेहाना

७५.

गणित_कच्चं

आमच्या सोसायटीत यंदा गणपतीत त्याहून जास्त पाहुणे आले होते. आणि ते अजून गेलेले नाहीत.

सस्क्वेहाना

लोक पश्चिमेकडे नवी जमीन धरायला चालले होते. जन्माला येतील तेवढेच बाहेर पडत होते. त्यातच वाटपाचं प्रमाण ३५ हजारांवरून ४० हजारांवर नेलं, आणि तेव्हा अपूर्णांक सरळ टाकून द्यायचे. पावणेदोनच्या आसपास भागाकार आला, त्यातले पाऊण गेले. तेव्हापासून आजवर एकच.

पाटावरवंटा

इतिहास छान, पण मुद्द्याचं कोणी बोलत नाहीये. 'ॲट-लार्ज' ही पद्धत मुळातच अन्यायाची आहे. अख्खं राज्य एक मतदारसंघ केलं की ५१ टक्केवाले सगळं घेऊन जातात आणि ४९ टक्केवाले हात चोळत बसतात. म्हणूनच अमेरिकेने १८४२ मध्ये कायदा करून एका जागेला एक मतदारसंघ सक्तीचा केला. डेलावेअरचं जे चाललंय ते जुन्या काळाचं खरकटं आहे.

नाक्यावरचा

पाटावरवंटा, दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झाली. राज्याला सहा जागा असताना सहाच्या सहा अख्ख्या राज्यातून निवडणं ही एक गोष्ट. राज्याला जागाच एक असणं ही दुसरी. पहिलीत तुम्ही म्हणता तो अन्याय आहे. दुसरीत मतदारसंघ पाडणार कसा? एका भाकरीचे वाटे करता येतील, एका खासदाराचे कसे करणार?

आणि १८४२ चा कायदा झाला खरा, पण पाळला कोणी? न्यू हॅम्पशायर, जॉर्जिया, मिसिसिपी आणि मिसुरी या चार राज्यांनी तो धाब्यावर बसवून पुन्हा सगळे अख्ख्या राज्यातूनच निवडले. सभागृहाने भांडभांड भांडून शेवटी त्यांना बसू दिलं. पुढे १९३२ ला मिनेसोटा, मिसुरी, केंटकी आणि व्हर्जिनियात वेळेत नवे मतदारसंघ झाले नाहीत, तर तिथे सगळेच प्रतिनिधी राज्यभरातून निवडले गेले. एकट्या मिसुरीत तेरा.

आज जी बंदी आहे ती १९६७ ची. तिच्यामागे दोन भीती होत्या. मतदारसंघ सारख्या लोकसंख्येचे हवेत असा निकाल सुप्रीम कोर्टाने १९६४ मध्ये दिला होता. राज्यांनी वेळेत नकाशे केले नाहीत तर कोर्ट सगळ्यांना राज्यभर मतं मागत फिरवेल, ही एक धास्ती. आणि मतदान हक्काचा कायदा १९६५ ला आल्यावर दक्षिणेतली राज्यं काळ्या मतदारांची मतं विरघळवून टाकायला हीच युक्ती वापरतील, ही दुसरी. तेव्हा न्यू मेक्सिको आणि हवाई ही दोन राज्यं दोन-दोन खासदार अख्ख्या राज्यातून निवडत होती. त्यांना थोडी मुदत दिली आणि मग तिथेही वाटण्या झाल्या.

पाटावरवंटा

मान्य, खिचडी झाली. पण बहुमताने सगळं घेऊन जाणं दोन्हीकडे आहेच की.

शेवगा

अवांतर, पण राहवत नाही. 'एका माणसाची अनेक मतं' हे आपल्याला नवं नाही. २०१७ ला पुण्यात चारचा प्रभाग होता. आईला घेऊन गेलो मतदानाला. ती आत गेली आणि बाहेरच येईना. अ, ब, क, ड अशा चार जागा, चार बटणं दाबायची, मगच तो लांबलचक 'पीं' वाजणार. आईने तीन दाबली आणि म्हणाली, "चौथ्याला मी ओळखत नाही." आतला माणूस म्हणे, "आजी, दाबा कुणालातरी, नाहीतर 'वरीलपैकी कोणी नाही' दाबा, मशीन अडकलंय." मागे रांग, पुढे आई, ठाम उभी. शेवटी बाहेर आली तेव्हा विचारलं कोणाला दिलं. म्हणाली, "आवाज बंद होईल त्याला."

आणि गंमत सोडली तर १९५२ आठवा. तेव्हा लोकसभेलाही काही मतदारसंघांत दोन जागा असायच्या, एक सर्वसाधारण, एक राखीव, आणि प्रत्येक मतदाराला दोन मतं. बाबासाहेब उत्तर मुंबईत अशाच जोड मतदारसंघात उभे होते आणि काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून साडेचौदा हजार मतांनी हरले. राखीव जागेवर कोण यावं हे सगळ्या मतदारांच्या दुसऱ्या मताने ठरलं. १९६१ ला ही पद्धत कायद्याने बंद झाली. नाक्यावरचा म्हणतात ते 'विरघळवणं' आपण घरीच पाहिलंय.

पाटावरवंटा

शेवगा, आईंना दंडवत. 'आवाज बंद होईल त्याला' हे मी आता दर निवडणुकीत वापरणार.

सस्क्वेहाना

परत डेलावेअरकडे. ताईंनी 'वजन की वांधा' विचारलंय, तर वजनाची गोष्ट सांगतो. ही नसती तर मी धाग्यावर आलोच नसतो.

१८०० ची अध्यक्षीय निवडणूक. जेफरसन आणि बर, दोघांना निर्वाचक मंडळात सारखीच मतं. घटनेप्रमाणे निवाडा प्रतिनिधीगृहाकडे, पण तिथे माणशी मत नाही. राज्याला एक मत. व्हर्जिनियाचे एकोणीस प्रतिनिधी, त्यांनी आपसात ठरवायचं आणि मिळून एक मत द्यायचं. डेलावेअरचा प्रतिनिधी एकच, जेम्स बेयर्ड. त्याने ठरवायचं कोणाबरोबर? स्वतःबरोबर. वय तेहतीस. आणि त्याच्या खिशात व्हर्जिनियाएवढंच वजन.

राज्यं सोळा, जिंकायला नऊ हवीत. ११ फेब्रुवारी १८०१ ला मतदान सुरू झालं. जेफरसनकडे आठ, बरकडे सहा, मेरीलँड आणि व्हर्मॉन्ट आपसातच फुटलेले. पुन्हा मतदान, तेच. पुन्हा, तेच. पस्तीस फेऱ्या. बेयर्ड फेडरलिस्ट, म्हणजे जेफरसनच्या विरोधातला, दर वेळी बरला मत. मोठ्या राज्यांत एकाने बाजू बदलायची तर शेजारी बसलेल्या चौघांना समजवायचं. याला फक्त आरशात बघायचं होतं. शेवटी त्याने आपल्या पक्षवाल्यांना सांगितलं की मी आता ताणणार नाही. १७ फेब्रुवारीला छत्तिसाव्या फेरीत त्याने कोरं मत दिलं. मेरीलँड आणि व्हर्मॉन्टच्या फेडरलिस्टांनीही अंग काढून घेतलं, ती दोन राज्यं जेफरसनकडे गेली. जेफरसन दहा, बर चार, दोन कोरी.

शत्रूला मत दिलं नाही, मित्राला दिलं नाही, आणि अध्यक्ष ठरला. पुढच्या वर्षी, १८०२ ला, लोकांनी याच बेयर्डला घरी बसवलं. सीझर रॉडनीकडून हरला, किती मतांनी? १५.

गणित_कच्चं

७५ माणसं, १५ मतं. या राज्यात सगळं चिल्लरमध्येच चालतं का?

मुगडाळ

सस्क्वेहाना काका, हे कोणीच कसं सांगत नाही! मुलीच्या शाळेच्या पुस्तकात 'पहिलं राज्य, ७ डिसेंबर १७८७' एवढंच आहे.

म्हणजे समजा उद्या पुन्हा असं झालं, तर आमच्या एका प्रतिनिधीचं मत टेक्सासच्या अडतीस जणांएवढं?

सस्क्वेहाना

बरोब्बर. नियम तोच आहे. १८२५ ला पुन्हा वापरला गेला होता: ॲडम्स, जॅक्सन, क्रॉफर्ड. तेव्हा डेलावेअरचा लुई मॅकलेन एकटाच होता आणि त्याने राज्याचं मत क्रॉफर्डला टाकलं, जो तिसरा आला.

उकडीचा

वजनाची गोष्ट झाली, आता वांध्याची ऐका. सस्क्वेहानांनी मुद्दाम गाळली की काय कोण जाणे.

डेलावेअर हे गुलामगिरी असलेलं राज्य होतं, पण यादवी युद्धात फुटून गेलं नाही. १८६० च्या जनगणनेत तिथे १,७९८ गुलाम उरले होते. लिंकनने हिशोब मांडला: राज्य छोटं, गुलाम थोडे, इथे पैसे देऊन गुलामगिरी सोडवून दाखवली तर उत्तर-दक्षिणेच्या सीमेवरची इतर राज्यंही मागून येतील. त्याने १८६१ च्या अखेरीस बोलावलं कोणाला? डेलावेअरचा एकुलता एक प्रतिनिधी, जॉर्ज फिशर. माणशी ४०० डॉलर, एकूण ७,१९,२०० डॉलर, सरकारी रोख्यांत, हप्ते एकतीस वर्षांपर्यंत. फिशर मसुदा घेऊन गावी आला. आमदार मोजले. मतं भरत नाहीत म्हटल्यावर ते विधेयक सभागृहात मांडलंच नाही. १८६२ ला फिशर स्वतः चाळीसहून कमी मतांनी पडला.

पुढचं आणखी विचित्र. त्याला हरवणारा विल्यम टेंपल शपथ घेण्याआधीच वारला. पोटनिवडणुकीत नॅथॅनियल स्मिथर्स आला. जानेवारी १८६५ मध्ये गुलामगिरी संपवणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीला त्याने वॉशिंग्टनमध्ये 'हो' म्हटलं. आणि आठवड्याभरात राज्याची राजधानी डोव्हरच्या विधानसभेने तीच दुरुस्ती फेटाळली. डेलावेअरने तिला मान्यता कधी दिली? १९०१ ला. छत्तीस वर्षांनी.

म्हणजे राज्याचा एकमेव खासदार 'हो' म्हणतोय आणि राज्य 'नाही'. मग तो कोणाचा प्रतिनिधी? बेयर्डच्या खिशात राज्य होतं हे ऐकायला भारी वाटतं, पण फिशरच्या खिशात फक्त कागद होता.

नाक्यावरचा

+१. हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवा.

पर्वरीचा

गोव्याहून हजेरी. आम्हाला दोन खासदार, उत्तर आणि दक्षिण. भारतात अख्ख्या राज्याला एकच खासदार असलेली राज्यं तीन: सिक्कीम, मिझोराम, नागालँड. शिवाय लक्षद्वीप, अंदमान, लडाख, चंदीगड, पुदुच्चेरी हे केंद्रशासित. पण तिथे आणि डेलावेअरमध्ये एक मोठा फरक आहे. आमच्याकडे छोट्या राज्याला राज्यसभेतही एकच मिळतो. सिक्कीमचा लोकसभेत एक, राज्यसभेत एक. अमेरिकेत सिनेटला सगळी राज्यं सारखी. मुगडाळच्या बाबांचा 'उलटं नाही का' हा प्रश्न म्हणूनच एकदम बरोबर आहे. आपल्या डोळ्यांना ते उलटंच दिसणार.

आणि दोन खासदार असून आम्हाला काय मिळतं ते विचारू नका. उत्तरवाला म्हणतो रस्ता दक्षिणेचा आहे, दक्षिणवाला म्हणतो पूल उत्तरेचा आहे. एकच असता तर निदान शिव्या एका पत्त्यावर गेल्या असत्या.

बोझमनचा_बंड्या

एक आणि दोनमधला फरक मोन्टानावाल्याला विचारा. आठ वर्षं शिकायला नि नोकरीला तिथे होतो. आमच्या वेळी राज्य एक, खासदार एक, आणि या टोकाहून त्या टोकाला गाडी चालवायला दिवस लागायचा.

मोन्टानाला १९१० च्या दशकात दोन जागा मिळाल्या आणि मतदारसंघ न पाडता दोघेही राज्यभरातून निवडले जायचे. १९१६ ला त्यातली एक जागा जिंकली जेनेट रँकिनने. अमेरिकन काँग्रेसमधली पहिली बाई. बायकांना देशभर मताचा हक्क मिळायच्या चार वर्षं आधी! तिने राज्यभर फिरून बायकांची मतं गोळा केली होती, आणि 'दोघांत एक' अशी निवड असल्यामुळे लोकांना एक मत नेहमीच्या पुरुषाला आणि एक तिला देता आलं. पाटावरवंटा, तुमच्या 'अन्यायी' पद्धतीचा हाही एक उपयोग. पुढे तिने पहिल्या महायुद्धाच्या विरोधात मत दिलं आणि विधिमंडळाने राज्याचे दोन तुकडे केले. तिचं गाव विरोधी पक्षाच्या बाजूला पडलं. ती मग सिनेटला उभी राहिली आणि हरली.

१९९० च्या जनगणनेनंतर दोनाची एक जागा झाली. मोन्टाना कोर्टात गेलं, थेट सुप्रीम कोर्टापर्यंत, आणि १९९२ ला हरलं. मग दोन बसलेले खासदार एकमेकांसमोर: पश्चिमेचा पॅट विल्यम्स, पूर्वेचा रॉन मार्लेनी. विल्यम्स जिंकला. तीस वर्षं एकावर काढल्यावर २०२० च्या जनगणनेने दुसरी जागा परत दिली. आकडे बघा: मोन्टाना १०,८५,४०७, जागा दोन. डेलावेअर ९,९०,८३७, जागा एक.

गणित_कच्चं

म्हणजे ९४ हजार माणसं कमी पडली आणि जागा निम्मी? मोन्टानात साडेपाच लाखांच्या आत एक खासदार आणि डेलावेअरमध्ये दहा लाखांना एक?

नाक्यावरचा

हो. ४३५ जागा १९२९ च्या कायद्याने गोठवल्यात, आणि प्रत्येक राज्याला निदान एक द्यावीच लागते. त्यामुळे सीमेवर जो सापडतो त्याची मान मुरगळते. आज देशात सगळ्यात जास्त लोकसंख्या एका खासदारामागे असलेला मतदारसंघ कुठला? डेलावेअर. एकच खासदार असलेली राज्यं सहा: अलास्का, डेलावेअर, व्हर्मॉन्ट, वायोमिंग, दोन्ही डकोटा. वायोमिंगला पावणेसहा लाखांना एक, डेलावेअरला जवळपास दहा लाखांना एक. मुगडाळताई, तुमच्या मताचं वजन वायोमिंगवाल्याच्या जवळपास साठ टक्के. झाला वांधा.

खारीबिस्किट

तुमच्याकडे माणसांपेक्षा कंपन्या जास्त नोंदवलेल्या आहेत म्हणतात. त्यांना मोजलं असतं तर दोन काय, चार जागा आल्या असत्या.

उकडीचा

खारी, कल्पना कोणाच्या डोक्यात घालू नका.

नाक्यावरचा

राजकारणाच्या बाजूने एक. खासदाराचा मतदारसंघ आणि गव्हर्नरचा मतदारसंघ एकच, सिनेटरचाही तोच. त्यामुळे इथे ही जागा म्हणजे शिडीची पायरी. केलेब बॉग्ज आधी खासदार, मग गव्हर्नर, मग सिनेटर. १९७२ ला त्याला सुमारे तीन हजार मतांनी हरवणारा न्यू कॅसल काउंटी कौन्सिलातला पोरगा म्हणजे जो बायडन. पीट ड्यू पाँट खासदार, मग गव्हर्नर. १९९२ ला तर कमाल: माईक कॅसल गव्हर्नर होते, मुदत संपलेली. टॉम कार्पर खासदार होते. दोघांनी खुर्च्या बदलल्या. एक डेमोक्रॅट, एक रिपब्लिकन, लोकांनी दोघांनाही निवडलं. कॅसल मग अठरा वर्षं बसले आणि २०१० ला सिनेटसाठी उठले, ते पक्षाच्या प्राथमिक फेरीतच क्रिस्टीन ओडॉनेलकडून पडले. जॉन कार्नी खासदार, मग गव्हर्नर, आणि आता विल्मिंग्टनचे महापौर.

शेवगा

खासदार, मुख्यमंत्री, महापौर. पुढे सोसायटीचे चेअरमन.

नाक्यावरचा

तिथे निवडणूक जास्त अवघड असते :)

शिडीचा दुसरा परिणाम म्हणजे नवा माणूस आत यायला दारच एक. २०१६ ला लिसा ब्लंट रोचेस्टर निवडून आल्या तेव्हा कुठे डेलावेअरची पहिली बाई आणि पहिली काळी व्यक्ती काँग्रेसमध्ये गेली. २२७ वर्षांनी. आता त्या सिनेटवर आहेत आणि त्यांच्या जागी २०२४ ला सारा मॅकब्राइड, काँग्रेसमधली पहिली उघडपणे ट्रान्सजेंडर सदस्य. उघडलं तर दार एकदम सताड उघडतं, पण थांबायला पिढ्या लागतात.

पर्वरीचा

आपले बेळगावचे श्री ठाणेदार मिशिगनमधून काँग्रेसमध्ये गेलेत, ते मात्र नंबरवाल्या मतदारसंघातून, तेराव्या. अख्ख्या मिशिगनने निवडायचं असतं तर? २०१८ ला ते राज्यभर गव्हर्नरपदासाठी पक्षाच्या प्राथमिक फेरीत उतरले होते, तिसरे आले. बाहेरून आलेल्या माणसाला छोटा मतदारसंघ सोपा, हे नाक्यावरच्याच्या मुद्द्याला पुरवणी.

मुगडाळ

सगळं वाचतेय, दोनदा वाचतेय. पण एक राहिलं. राज्याला आडवा छेदणारा एक कालवा आहे, मिडलटाउन त्याच्या खाली, म्हणजे दक्षिणेला, येतं. इथे 'कालव्याच्या वर' आणि 'कालव्याच्या खाली' हे पुण्यातल्या नदीच्या अलीकडे-पलीकडेसारखं बोलतात. खाली शेती, कोंबड्यांची खुराडी, समुद्रकिनारा. वर बँका आणि ऑफिसं. मग खासदार वरचाच असणार ना कायम? खालच्यांचं कोण ऐकतं?

सस्क्वेहाना

नेमकं. २०२० चे आकडे: न्यू कॅसल ५,७०,७१९, केंट १,८१,८५१, ससेक्स २,३७,३७८. वरची एकटी काउंटी खालच्या दोघींना पुरून उरते. दोन जागा मिळाल्या असत्या तर एक कदाचित खालची झाली असती, पक्षाचा रंगही वेगळा असता. एकच असल्यामुळे कोणी नकाशाची रेघ वाकडी ओढून तुम्हाला फसवू शकत नाही, हे खरं. पण रेघच नसल्यामुळे ससेक्सवाला नेहमी पाहुणाच.

अंबाडी

इतके दिवस नुसती वाचत होते, आज लिहायलाच हवं, कारण मी ससेक्सची. जॉर्जटाउनजवळ राहते.

आमच्याकडे मतदानानंतर दोन दिवसांनी, गुरुवारी, 'रिटर्न डे' असतो. १७९१ ला काउंटीचं ठाणं लुईसहून जॉर्जटाउनला आणलं. मत द्यायला सगळ्यांनी तिथेच यायचं, आणि निकाल ऐकायला दोन दिवसांनी पुन्हा यायचं. ते अजून चालू आहे. दुपारनंतर कचेऱ्या बंद. जिंकलेला आणि हरलेला उमेदवार एकाच घोडागाडीत, चौकाला फेरी. अख्ख्या राज्याचे उमेदवार असतात, म्हणजे खासदारकीचेही दोघे.

पहिल्या वर्षी मी पोराला खांद्यावर घेऊन कोर्टाच्या समोर उभी होते. उंच हॅट घातलेला माणूस सज्जातून आकडे वाचत होता, सगळ्यांना आधीच माहीत असलेले. गाडी अगदी हातभर अंतरावरून गेली. जिंकलेली व्यक्ती डावीकडे हात हलवत होती, हरलेली उजवीकडे. दोघांच्या मांड्यांवर एकच घोंगडी, थंडी होती म्हणून. हरलेल्याने माझ्या पोराकडे बघून भुवया उडवल्या. मग दोन्ही पक्षांचे अध्यक्ष येऊन लुईसच्या किनाऱ्यावरून आणलेल्या वाळूत एक कुऱ्हाड पुरतात. आणि मग फुकट बैलाच्या मांसाचे सँडविच. आम्ही खात नाही, पण रांगेत उभं राहून शेजाऱ्यांसाठी दोन आणले. ते लोक अजून आठवण काढतात.

मुगडाळ, 'खालच्यांचं कोण ऐकतं' विचारलंस ना? वर्षभर कोणी नाही गं. पण त्या एका दुपारी सगळ्यांना खाली यावं लागतं, आणि घोड्याच्या वेगाने जावं लागतं.

शेवगा

आमच्याकडे निकालानंतर दोन दिवसांनी हरलेला पुन्हा मतमोजणीचा अर्ज लिहीत असतो. घोंगडी लांबच.

पाटावरवंटा

अंबाडीताई, सुरेख. मी माझं 'खरकटं' मागे घेतो. दहा लाखांना एक हे मात्र चूकच, ते मागे घेत नाही.

मुगडाळ

आज बाबांना सगळं सांगितलं. बेयर्ड, ७५ माणसं, घोडागाडी. सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे ९४ हजार माणसं कमी पडली म्हणून एक खासदार गेला? मग २०३० पर्यंत आणा की माणसं. आपल्या गल्लीतलेच किती जण तिकडे यायला तयार आहेत."

खारीबिस्किट

जनगणना १ एप्रिलला धरतात ना? मी त्या दिवशी लॅपटॉप घ्यायला येतो. मला मोजा.

सस्क्वेहाना

राहत्या घराचा पत्ता लागतो हो.

खारीबिस्किट

मग मुगडाळताई, सोफा लांब आहे का?